रांजणाशेजारची बरणी

वैशाखात परभणी जिल्ह्याचा पारा 42-43 वर जाऊन बसतो. अशा दिवसांत आमच्या घरातला एक माणूस 28 ते 30 अंशांची जागा शोधत फिरत असतो. ते माझे धाकटे भावजी. थंड देशांत सापाची अंडी उबवणारे लोक बल्ब लावतात, विजेवर तापणाऱ्या पट्ट्या अंथरतात, पारा उतरू नये म्हणून रात्री उठून काटा बघतात. देवगाव फाट्याला प्रश्न उलटा आहे. पत्र्याखाली ठेवलेलं अंडं दुपारपर्यंत शिजून जाईल. त्यामुळे आमच्याकडे अंडी उबवायची म्हणजे ती गार ठेवायची. घरातली सगळ्यात गार जागा जुन्या माळवदाच्या खोलीत, रांजणाच्या कोपऱ्यात आहे. भिंत मातीची, हातभर जाड, छत मातीचं, आणि रांजण पाझरून पाझरून खालची भुई कायम ओलसर. त्या कोपऱ्यात, पाणी घातलेल्या परातीत, झाकणाला बारीक भोकं पाडलेली प्लॅस्टिकची एक बरणी असते. बरणीत धामणीची अंडी असतात.

देवगाव फाटा हे सेलू तालुक्यातलं रस्ते फुटण्याचं ठिकाण. मंठ्याकडून आलेल्या माणसाला इथून एक वाट जिंतूरला नेते, दुसरी सेलूला. चहाची हॉटेलं, कृषी केंद्रं, पंक्चर काढणारे, गाडीची वाट बघत उभी असलेली बायामाणसं. फाटा सोडून चार पावलं आत गेलं की चहूकडे काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात. भेगांत उंदीर शिरतो, आणि उंदरामागे साप. भावजींचा फोन म्हणून बारा महिने वाजत असतो. "भाऊ, आखाड्यावर जनावर निघालंय, लवकर या." भावजी गाडी चालवतात, पोट त्याच्यावर आहे. साप पकडण्याचे पैसे ते घेत नाहीत. पकडलेल्या प्रत्येक सापाची वनखात्याला खबर द्यायची आणि तो जवळच्याच रानात सोडायचा, हा त्यांचा नेम.

अंडी मात्र फक्त उन्हाळ्याच्या शेवटी येतात. पाऊस तोंडावर आला की गावागावांत दोन कामं निघतात. उकिरड्यातलं शेणखत शेतात टाकायचं, आणि पडायला झालेली जुनी भिंत उतरवून घरकुलाचा पाया खणायचा. पूर्वी फावडं-टोपलं घेऊन हे काम आठवडाभर चालायचं. आता जेसीबी सकाळी येतो आणि जेवणाच्या वेळेआधी उकिरडा साफ करून दुसऱ्या गावाला जातो. नेमकी तीच वेळ सापांची अंडी जमिनीत असण्याची. कुजणारं शेणखत आतून उबदार राहतं, ओलही धरून ठेवतं. पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली, उंदराच्या बिळात, भिंतीच्या पोकळीतही तीच सोय मिळते. धामण अशा जागी साधारण सहा ते अठरा अंडी घालते. नागाला स्वतः बीळ खणता येत नाही. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण कुणीतरी डोळ्यांनी बघूनच केली असणार. उंदरानं पोखरलेलं नाहीतर वाळवीनं बांधलेलं घर नागीण धरते, त्यात बारा ते तीस अंडी घालते आणि तिथंच बसून राहते.

जेसीबीच्या दातांना मऊ लागलं काय, टणक लागलं काय, वर बसलेल्या माणसाला त्यातलं काही समजत नाही. समजतं ते ढीग पसरल्यावर. खतात पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसतात. कुणी म्हणतं घोरपडीची, कुणी म्हणतं सरड्याची, आणि एखादा पायाच्या अंगठ्यानं दाबूनही बघतो. एखाद्या शहाण्यानं वेळेवर फोन केला तर भावजी पोचतात, वनरक्षक येतात, पंचनामा होतो. जागा परत झाकण्याजोगी उरली असेल तर अंडी तिथंच झाकायची, हा पहिला विचार. ढीगच गेला असेल, तर आणि तरच बरणी. तीही आई जवळपास सापडून अंडी धामणीचीच असल्याची खात्री पटली, आणि वनरक्षकांनी रुकार दिला, तर. नागाची किंवा कशाची ते न उमगलेली अंडी परस्पर वनखात्याकडे जातात. ही अट माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, आणि ती रास्त आहे. नागाचं पिल्लू अंड्यातून तोंड बाहेर काढतं तेच विष घेऊन. लेकराबाळांच्या घरात ते आणणं हा नुसता आगाऊपणा झाला.

पहिल्यांदा बरणी आली तेव्हा आत्याबाईंनी दारातच अडवलं होतं. "कामून आणलं रे हे घरात?" भावजींनी समजावलं, धामणीला विष नसतं, ती उंदरावर जगते, एक धामण बांधावर असली की कणगीतलं धान्य वाचतं. आत्याबाईंना हे सगळं माहीत होतं. तरी त्यांच्या मनातून ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिणारी धामण जाईना. सापाला दूध पचत नाही, सड ओढायला लागणारे ओठ त्याला नसतात, आणि म्हैस त्याचे बारीक दात सहन करत उभी राहायची नाही. हे सांगून झालं. मग त्यांनी बरणीचं झाकण उघडायला लावलं आणि अंडी पाहिली, आणि त्यांच्यातली कोंबड्या बसवणारी बाई जागी झाली.

आत्याबाईंनी जन्मभर कोंबड्या बसवल्या आहेत. खुडूक कोंबडी कोणती, तिच्याखाली किती अंडी मावतील, एकविसाव्या दिवशी काय ऐकू येतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. कोंबडी पोटाखालची अंडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं फिरवते. नाही फिरवली तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. अंडी उबवण्याच्या यंत्रातसुद्धा ती फिरवण्याची व्यवस्था असते. म्हणून त्यांचा पहिला सवाल हाच, "अन् फिरवायलास का नाहीस?" भावजी म्हणाले, "फिरवलं की मेलं."

कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही टोकांना पीळदार धाग्यांनी धरलेला असतो. अंडं कसंही फिरलं तरी तो मधे तरंगत राहतो. सापाच्या अंड्यात तसे धागे नाहीत. अंडं पडल्यावर थोड्याच वेळात आतला गर्भ वरच्या अंगाला स्थिरावतो आणि ज्यातून तो श्वास घेतो ते पटल कवचाला आतून जाऊन टेकतं. नंतर अंडं उलटं झालं तर बलकाचा भार वर येतो, पटल फाटतं आणि पिल्लू जागच्या जागी गुदमरतं. म्हणून ढिगातून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर शिसपेन्सिलीनं खूण करतात. शाई चालत नाही, ती कवचातून आत झिरपते. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवत बसत नाहीत, तो घोस तसाच उचलतात. बरणीत ठेवतानाही खूण आकाशाकडेच हवी.

बाकी कृती साधी आहे. रोपवाटिकेत मिळणारं कोकोपीट भिजवून मुठीत आवळायचं. पाण्याचा थेंब पडला तर ओल जास्त झाली, मूठ उघडल्यावर भुगा पसरला तर कमी. त्यात अंडी निम्मी रुततील अशी ठेवायची. सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. बोटाला ते नव्या वहाणेच्या आतल्या चामड्यासारखं लागतं. ते पाणी पितं. दिवसागणिक अंडं फुगतं, वजनाला भरतं. कोरडं पडलं तर त्याला खळी पडते, फार ओल झाली तर बुरशी येते. झाकणाला आतून धरलेले थेंब पुसून घ्यायचे, कारण तेच थेंब अंड्यावर ठिबकत राहिले तर कवच नासतं. सगळ्यात मोठा वैरी मुंगी. त्यावर उपाय आत्याबाईंनीच सांगितला. दुधाचं पातेलं मुंग्यांपासून वाचवायला पाण्याच्या परातीत ठेवतात, तसंच बरणीला ठेवा म्हणाल्या. दाराआडून बरणीकडे बघणारी बाई अशी कारभारात शिरली.

अंड्यात जीव आहे की नाही हे अंधारात कळतं. मोबाइलचा दिवा अंड्याच्या कडेला धरला की भरल्या अंड्यात तांबूस शिरांचं जाळं दिसतं. पुढे पुढे त्या जाळ्यात एक काळसर वेटोळं दाटत जातं आणि मग उजेड आरपार जाईनासा होतो. वांझ अंडं पिवळं पडतं, बसतं, वास मारतं. माझ्या लेकीला हा दिवा धरण्याचा भारी नाद. तिला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, यांची आई कुठंय?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक सापागणिक वेगळं आहे. पुष्कळ सापिणी अंडी घालून निघून जातात. नागीण आणि मण्यार अंड्यांपाशी थांबतात. घोणस अंडी बाहेर घालतच नाही, तिची पिल्लं पोटातच वाढून जिवंत जन्मतात. फुरसं, हरणटोळ, मांडूळ यांचंही तसंच. अजगराची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. 1832 साली लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशानं पॅरिसच्या विद्वानांना सांगितलं की, भारतातली अजगराची मादी वेटोळं घालून स्वतःच्या अंगानं अंडी उबवते. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून आणणार, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. 1841 साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगरानं अंडी घातली. वालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञांनी वेटोळ्यात तापमापक सरकवला, तर आतलं तापमान खरोखरच बाहेरच्यापेक्षा चांगलं वर होतं. मादी हे कसं साधते ते 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका भारतीय अजगरावर नीट मोजलं गेलं. हवा गार होत जाईल तशी ती अंगाचे स्नायू भराभर आखडते, सैल सोडते, आणि त्या कंपातून ऊब तयार करते. लेकीला ही गोष्ट फार आवडली. मला त्यातलं वेगळंच जाणवलं. एवढा खटाटोप करणारी अजगराची मादीसुद्धा पोटाखालचं एकही अंडं उलटं करत नाही.

उबवायला बसलेल्या माणसाला हे फार जड जातं. आपल्याला काहीतरी करत राहावं लागतं, त्याशिवाय काळजी घेतल्यासारखं वाटत नाही. झाकण उघडून बघावं, थोडं पाणी शिंपडावं, बोट लावून बघावं, हात शिवशिवतात. आणि इथं प्रत्येक काळजी अंड्याला जाच असते. धामणीच्या अंड्यांना दीड-दोन महिने लागतात. तेवढा काळ घरातली सगळी माणसं त्या कोपऱ्यावरून जाता-येता आपला हात आवरत असतात. मी दोन लेकरं वाढवली आहेत. त्यांच्या बाबतीत एवढं हात आवरणं मला कधी जमलेलं नाही.

आता थोडं कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे साप आणि त्यांची अंडी यांना संरक्षण आहे. भारतातला रानातला साप हौसेनं पाळता येत नाही. त्याची अंडी घरी आणून उबवणं हाही परवानगीवाचून गुन्हाच. मोठ्या शहरांत काही लोक कॉर्न स्नेक, बॉल पायथन असे परदेशी साप पाळतात. बाहेरच्या देशांत तर त्यांची अंडी घरोघरच्या यंत्रांत उबवून रंगीबेरंगी पिल्लांचा व्यापार चालतो. असे काही विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंद करावी, यासाठी केंद्र सरकारनं 2024 मध्ये नियम केले. पण नोंदीच्या बाहेरचा चोरटा व्यापारही आहे, आणि विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगांतून साप निघाल्याच्या बातम्या येतच असतात. आमच्या रांजणाशेजारच्या बरणीचा या हौसेशी काही संबंध नाही. त्या अंड्यांना आम्ही पाळत नसतो, सांभाळत असतो, आणि तेही सरकारची ठेव म्हणून.

दुसऱ्याची अंडी सांभाळण्याचं मोठं काम महाराष्ट्रानं समुद्राकाठी करून दाखवलंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. कुत्री, कोल्हे आणि अंडी खाणारी माणसं यांच्या तावडीतून अंडी काढायची, कुंपण घातलेल्या वाळूत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. कासवाच्या अंड्यात नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, त्यामुळे तिथं खड्ड्याची खोली चुकवून चालत नाही. सापाचं तसं नाही, त्याचं नर-मादीपण आधीच ठरलेलं असतं. उन्हानं फार तर पिल्लू वाकडं निपजेल किंवा मरेल. वेळासच्या लोकांनी हे काम करताना एक गोष्ट सोडली नाही, अंडी किनाऱ्यावरच ठेवली. कर्नाटकातल्या आगुंब्याच्या जंगलात नागराजाची मादी पालापाचोळा ओढून ढीग रचते आणि त्यात अंडी घालते. तिथले अभ्यासक तर घरटंही हलवत नाहीत. ते राखण करतात, आजूबाजूच्या लोकांना समजावतात, पिल्लं निघायच्या सुमाराला भोवती जाळी लावतात. ज्यांना यातलं सगळ्यात जास्त कळतं ते सगळ्यात कमी हात लावतात, हे मी यातून उचललं.

पिल्लं निघण्याचा काळ जवळ आला की फुगलेलं अंडं पुन्हा किंचित सैल पडतं. आमच्याकडे हे बहुधा आषाढात होतं. एक-दोन मोठे पाऊस झालेले असतात, रांजणाची गरज उरलेली नसते, खोलीत ओल्या मातीचा वास असतो. एका संध्याकाळी मी कंदील-काडेपेटी शोधायला त्या खोलीत गेले, वीज गेली होती. मोबाइलचा उजेड बरणीवर पडला तेव्हा एका अंड्याच्या माथ्याला, पेन्सिलीच्या खुणेच्या बाजूलाच, ब्लेडनं मारावी तशी रेघ दिसली. तिच्या शेजारी दुसरी, तिरपी. सापाच्या पिल्लाला जन्मताना वरच्या ओठाच्या टोकाशी एक दात असतो, फक्त कवच चिरण्यापुरता, नंतर तो गळून जातो. चिरेतून पांढरट, चिकट पाणी झिरपलं, त्यावर एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. आतलं कुणीतरी पहिल्यांदा हवा घेत होतं. मग चीर थोडी उचलली गेली आणि हरभऱ्याएवढं नाक बाहेर आलं. त्यामागे डोळे. धामणीच्या पिल्लाचे डोळे डोक्याच्या मानानं फार मोठे असतात, गोल आणि काळेभोर. जीभ बाहेर आली, हवेत वर-खाली हलली, आत गेली. मी श्वास सोडला असेन नाहीतर उजेड हलला असेल, डोकं झटकन अंड्यात गेलं आणि चीर मिटली.

त्या रात्री ते बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही बराच वेळ नुसतं नाक बाहेर काढून बसलं होतं. घाई करून त्याला बाहेर ओढायचं नसतं. उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेण्याचं काम चाललेलं असतं, तीच त्याची पहिले काही दिवस पुरणारी शिदोरी. मग केव्हातरी, कुणी बघत नसताना, ते निघतं. मूठभर अंड्यातून दोन वितींच्या आसपासचं जनावर निघालेलं बघून आत्याबाई म्हणाल्या, "एवढं लांबडं मावलं तरी कसं होतं गं त्यात?" राखाडी अंग, मानेपासून पुढच्या भागात फिकट पट्टे, आणि हात जवळ नेला की नागासारखी मान ताठ करून फुसकारणं. विष नाही, आई नाही, जन्माला दिवस झालेला नाही, पण तोरा पूर्ण.

त्याला दूध पाजायचं नाही, भरवायचं नाही, काही शिकवायचं नाही. पहिली कात टाकेपर्यंत ते बहुतेक खातही नाही. कात टाकली की बेडकाचं पिल्लू, पाल, जे झेपेल ते स्वतः धरतं. माणसाच्या घरात जन्मून माणसाचं एका घासाचंही मिंधेपण न घेणारं हे लेकरू मला दर वेळी चकित करतं. लेकीला एक ठेवून घ्यावंसं वाटतं. तिला नाव ठेवायचं असतं. भावजी नाव ठेवू देत नाहीत. नाव ठेवलं की फोटो येतो, फोटो आला की हातावर घेणं येतं, आणि हातावर घेण्याची चटक धामणीपाशी थांबत नाही. गळ्यात नाग घालून चित्रफिती करणारी पोरं गावोगाव आहेत, आणि त्यातली काही दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत. नीलिमकुमार खैरे 1980 साली पुण्यात 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिले होते. साप उगाच चावत नाही, हे लोकांना पटवण्यासाठी तेव्हा त्याची गरज होती. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं आणि सर्पमित्र हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. ते पटवून झालंय. आता सापाशेजारी उभं राहून दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पिल्लं सोडायला वनरक्षक बरोबर असतात. अंडी जिथली, त्याच शिवारात, संध्याकाळी, एकेक वेगवेगळ्या बांधाला. मोर, मुंगूस, बगळे, शिक्रा, इतर साप, सगळे टपलेले असतात आणि त्यातली थोडीच मोठी होतात. दुसऱ्या दिवशी स्थानिक बातमीपत्रात ‘सर्पमित्राकडून पिल्लांना जीवदान’ असं कुणी छापतं, भावजींचं कौतुक होतं. कौतुक त्यांच्या कष्टाचं जरूर व्हावं. पण जीवदान हा शब्द मला खटकतो. ज्या ढिगात ती पिल्लं कुणाच्या मदतीवाचून जन्मली असती तो ढीग आपणच उपसला, आणि मग वाचलेली चार अंडी बरणीत ठेवून आपण दाते झालो.

आत्याबाई दर श्रावणात पंचमीची कहाणी सांगतात. एका शेतकऱ्याचा नांगर चालू होता, शेतातल्या वारुळाला फाळ लागला आणि नागिणीची पिल्लं मेली. नागीण परत आली, फाळाला रक्त पाहिलं आणि तिनं त्या घरातली माणसं डसून मारली. एक लेक सासरी होती, तिला डसायला गेली तर लेक पाटावर चंदनाची नागकुळं काढून पूजा करत बसलेली. नागीण निवली, तिनं अमृत दिलं, लेकीनं माहेर उठवलं. म्हणून पंचमीला नांगर धरत नाहीत, खणत नाहीत, चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. पुरणाची दिंडं उकडायची, ज्वारीच्या लाह्या फोडायच्या, झोका खेळायचा. लहानपणी या कहाणीत मला नागिणीचा डूख तेवढा दिसायचा. बरणी घरात आल्यापासून पिल्लं दिसतात. चैत्र-वैशाखात घातलेली नागाची अंडी साधारण 48 ते 69 दिवसांत फुटतात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या काळात आमच्या या काळ्या जमिनीत खरोखरच नागाची पिल्लं असतात. कहाणी कुणी सापांचा अभ्यास करून रचली असं मी म्हणत नाही. पण नांगरामागे चालणाऱ्या माणसानं फाळाला लागलेली पिल्लं पाहिल्याशिवाय ती सुचणारही नाही. आणि त्या माणसानं काढलेला उपाय अंडी घरी आणण्याचा नव्हता. त्यानं जमिनीवरून एक दिवस हात काढून घेतला.

माणसाची भीती खोटी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं भारतात सुमारे 12 लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलेला आहे. त्यातले बहुतेक खेड्यातले, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. आमच्या शिवारात पान लागलेल्याला पूर्वी आधी देवळात नेत. आता लोक दवाखान्याची वाट धरतात, तरी वाटेत एखादा मांत्रिक तास खातोच. ज्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापैकी काही चावलं असेल त्याला सर्पविषावरचं इंजेक्शन हेच औषध, आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. ज्या बाईला पहाटे पऱ्हाटीच्या ढिगात हात घालावा लागतो तिला सापावर प्रेम करा असं सांगणं मला जमणार नाही. तिला बॅटरी हवी, पायात बूट हवेत, काठीनं आधी ढीग हलवायची सवय हवी. सापाला वाचवण्याचा रस्ताही त्याच काठीतून जातो. ढिगातलं जनावर आधी कळलं की माणूसही वाचतो आणि अंडीही.

भावजींच्या बरण्यांचा मला अभिमान आहे. पण बरणी ही हुकलेल्या कामाची भरपाई आहे. खरं काम आधीचं, आणि ते साप धरता न येणाऱ्या कुणालाही करता येतं. उकिरडा उपसायचा तर शक्यतो फाल्गुनात, फार तर चैत्राच्या सुरुवातीला उपसा, अंडी पडण्याआधी. उशीर झालाच तर जेसीबी लावण्याआधी एका कडेनं फावड्यानं उघडून बघा. जुनी भिंत उतरवताना पायाजवळची पोकळी बॅटरीनं पाहून घ्या. बांधावरचं वारूळ वाटेत येत नसेल तर राहू द्या. अंडी दिसली तर मशीन थांबवा, माणसं मागे घ्या, जवळ सापीण असेल हे गृहीत धरा, आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. फोनवरचा माणूस येईपर्यंत अंड्यांवर ऊन पडू देऊ नका, आणि एकही अंडं उलटू नका.